रंगूनवालीला पेढीत जागा

११ एप्रिल १९६५. बिबड्यांचा, म्हणजे आमच्या खानदेशी ज्वारीच्या पापडांचा, घाटा शिजवायचा होता.

ज्वारी भिजली, आंबली, दळून झाली. आता मोठ्या पातेल्यात तिखट, लसूण, तीळ घालून ती शिजवायची आणि गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापून उन्हात टाकायची. घाटा एकदा चुलीवर चढला की कोणासाठी थांबत नाही. ढवळणारा हात थांबला की तो तळाला लागतो, आणि मग वर्षभर जळकट बिबड्या खाव्या लागतात. म्हणून आमच्या जळगावच्या घराच्या गच्चीवर पेठेतल्या बायका सकाळीच जमल्या होत्या. मी दांडा धरून ढवळत उभी होते, तेवढ्यात किराणा दुकानवाली शेठाणी जिना चढून वर आली. तिच्यामागे एक बाई होती. तिशीची, सडपातळ, वॉयलच्या पांढऱ्या साडीतली.

ती बाई आमच्यामधून पलीकडे जायला निघाली आणि कमरेत वाकली. बसलेल्या प्रत्येक बाईच्या समोरून ती तशीच वाकून गेली. आमच्या बायका आपापल्या आजूबाजूला जमिनीवर बघायला लागल्या.

"काय सांडनं व माय?" शेजारच्या आजींनी विचारलं. या आजी धरणगावकडच्या, बोलणं सगळं अहिराणीत, आणि गच्चीवर वयाने सगळ्यांत मोठ्या.

"काही सांडलं नाही," शेठाणी म्हणाली. "रंगूनची आहे. तिकडे मोठ्यांच्या समोरून असंच जातात. अक्का, हिला काम पाहिजे."

शेठाणीला प्रस्तावना करता येत नाही, म्हणूनच माझं तिचं जमतं.

आमचं महिला मंडळ खरं म्हणजे भजनासाठी सुरू झालं होतं. सूर कोणालाच लागत नव्हता. हळूहळू भजन मागे पडलं आणि लोकांना काम शोधून देणं पुढे आलं, कारण ते आम्हाला येत होतं. बाहेरून आलेला माणूस हातात कसब घेऊन येतो, पण कोणत्या दारावर थाप मारायची ते त्याला ठाऊक नसतं. आम्हाला दारं ठाऊक होती. वरणगावच्या कारखान्यात कोणाचा मेव्हणा आहे, जिनिंगच्या मालकाच्या घरी कोणाचा शब्द चालतो, कोणता वकील सकाळी प्रसन्न असतो आणि कोणता जेवण झाल्यावर, हे बायकांइतकं पुरुषांना कळत नाही. आमचा नियम एकच होता. एका माणसामागे एक अक्का. जिने माणूस हातात घेतला, तिने त्याला काम मिळेपर्यंत सोडायचा नाही. मध्येच दुसरीच्या गळ्यात टाकायचा नाही.

त्या सुमाराला ब्रह्मदेशातून लोक परत येत होते. तिथल्या सरकारने दुकानं, पेढ्या, गिरण्या ताब्यात घेतल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली आपली माणसं जहाजाने मद्रासला, कलकत्त्याला उतरली. राजस्थानी व्यापाऱ्यांचे नातलग सगळीकडे, तसे खानदेशातही. त्या धाग्याने ही बाई आणि तिचे वडील जळगावला येऊन पोचले होते.

ती जन्मली रंगूनमध्ये. इंग्रजी तिथल्या शाळेत शिकली आणि तांदूळ परदेशी पाठवणाऱ्या एका पेढीत टायपिस्ट झाली. प्रमाणपत्रं त्या पेढीच्या कपाटात राहिली, आणि पेढी सरकारकडे गेली. आई वारलेली. वडिलांना मोतीबिंदूने जवळजवळ दिसत नव्हतं. बापलेक धर्मशाळेच्या मागच्या खोलीत राहत होते. लग्नसराई सुरू झाली की धर्मशाळा वऱ्हाडांना लागते, म्हणून विश्वस्तांनी आखाजीपर्यंतची, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंतची, मुदत दिली होती. पुढचंही नातेवाइकांनी ठरवून टाकलं होतं. म्हाताऱ्याला धुळ्याचा पुतण्या ठेवून घेणार आणि हिला बिकानेरकडचे मामा नेणार. पुतण्याकडे एक माणूस मावत होता, मामांकडे घरकामाला एक बाई हवी होती. सगळ्यांची सोय लागत होती. बापलेकींना मात्र कोणी विचारलं नव्हतं.

"तुला काय पाहिजे?" मी हिंदीत विचारलं. मराठी तिला तेव्हा येत नव्हतं.

"बाबूजींना रोज सकाळी मी पेपर वाचून दाखवते," ती म्हणाली. "बिकानेरहून कसा वाचू?"

हे मला आवडलं. रडारड नाही, मुद्दा स्पष्ट.

"म्हणजे खोली पाहिजे. खोलीसाठी पगार पाहिजे. तुला काय येतं?"

"थोडं टायपिंग."

"थोडं म्हणजे किती?"

"थोडंच," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

मी दांडा आजींच्या हातात दिला, हात धुतले आणि तिला घेऊन खाली उतरले.

स्टेशनजवळ एक टायपिंगचा क्लास होता. तिथले मास्तर माझ्या ओळखीचे. त्यांनी एक मशीन मोकळं करून दिलं. तिने आधी टाचणीने अक्षरांत अडकलेली शाई काढली, मग कागद चढवला आणि सुरू झाली. क्लासमधली पोरं आपापली बोटं थांबवून ऐकायला लागली. मास्तरांनी कागद हातात घेऊन वाचला.

"अक्का, ही थोडं म्हणते ते तेवढं खोटं आहे," ते म्हणाले. "बाकी कागदावर एकही चूक नाही."

मला वाटलं, काम झालं. मोकळी जागा शोधायची आणि हिला तिथे नेऊन बसवायची.

पहिली जागा धुळ्याला निघाली. तिथल्या एका वकिलांना इंग्रजी टायपिस्ट हवा होता आणि वकिलीणबाई माझ्या माहेरच्या, शिंदखेड्याच्या. धुळं मला सोयीचंही वाटलं. बाप पुतण्याकडे, लेक त्याच गावात. पेपर वाचायला सकाळी चालत जाईल. आम्ही पहाटेच्या एस.टी.ने गेलो.

वकील सकाळी प्रसन्न असणाऱ्यांपैकी होते. त्यांनी स्वतः बसायला सांगितलं.

"टायपिंग येतं?"

"थोडं."

"शॉर्टहँड?"

"थोडं."

"इंग्रजी पत्र तुमचं तुम्हाला लिहिता येईल?"

"थोडंसं, साहेब."

नजर सगळा वेळ फरशीवर. वकील माझ्याकडे वळले. "अक्का, थोडं थोडं येणारे दोन कारकून माझ्याकडे आधीच आहेत. तिसरा कुठे ठेवू?"

"मशीन पुढे ठेवा. बघा तरी."

"ज्याला येतं तो म्हणतो येतं," ते म्हणाले आणि कोट चढवून कोर्टात गेले. मशीनवरचं झाकण कोणी काढलंच नाही.

परतीच्या गाडीला वेळ होता, म्हणून पुतण्याच्या घरी गेलो. पुतण्या दुकानात होता. त्याची बायको वाईट नव्हती. तिने आम्हाला जेवायला वाढलं आणि मग ओसरीवरची खाट दाखवली.

"काकांसाठी नवी नवार घातली," ती म्हणाली.

"आणि हिच्यासाठी?"

"अक्का, तुम्हीच बघा घर."

मी बघितलं. तिचं बरोबर होतं. मुलं, सासू, दीर, दुकानातल्या मालाची पोती. ओसरीवर एक खाट मावत होती आणि दुसरी टाकली असती तर दार उघडलं नसतं. रंगूनवालीने नवारेवर तळहात दाबून बघितला, घट्ट आहे का ते. मग हात मागे घेतला.

बसमध्ये मी तिला विचारलं, "तू खोटं का बोललीस?"

"मी खोटं नाही बोलले."

"येतं, आणि थोडं येतं म्हणतेस. मग खोटंच."

तिने जरा विचार केला. "रंगूनला मोठ्या माणसापुढे मला सगळं येतं म्हणणं वाईट दिसतं. आपण थोडं म्हणायचं. ते काम देऊन बघतात. मग त्यांना कळतं."

"इथे थोडं म्हटलं की दार लावतात."

पारोळा येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "मग इथे काय म्हणायचं?"

आता काम माझ्या लक्षात आलं. हिला टायपिंग शिकवायचं नव्हतं, बढाई शिकवायची होती. त्या विषयात आमच्या पेठेत तज्ज्ञांची उणीव नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर शिकवणी सुरू झाली. बिबड्या वाळत होत्या, कावळे हाकलायला कोणीतरी बसायचंच होतं. आजी शेठ झाल्या. पोतं अंथरून, भिंतीला टेकून, पाय पसरून. समोर घासलेटचा रिकामा खोका उपडा घातला, ती खुर्ची. रंगूनवालीने जिन्यातून यायचं, मान वर करून बघायचं, खुर्ची दिसली की बसायचं आणि विचारलं की सांगायचं.

"तुले काय येस?" आजींनी शेठच्या आवाजात विचारलं.

"थोडं..."

"नाही!" सगळी गच्ची ओरडली. कावळे उडाले, तेवढा एक फायदा.

आजींना राहवेना. "बठ्ठं येस म्हन ना व! माले चूल पेटाडता ये ना, तरी मन्हा बापनी सांगं, पोरले बठ्ठं येस. म्हनीसन लगीन झायं मन्हं!"

बायका हसून लोळल्या. एका थापेवर आजींचा सगळा संसार उभा होता आणि तो चांगला झाला होता, हे पेठेला माहीत होतं. बठ्ठं म्हणजे सगळं, असा मी रंगूनवालीला अर्थ सांगितला. ती तोंडावर पदर घेऊन हसली, पहिल्यांदाच.

"पण मला खरंच येतं," ती म्हणाली.

"मग तर तुला आजींपेक्षा सोपं आहे," शेठाणी म्हणाली.

हळूहळू ती "चांगलं येतं" इथपर्यंत आली. आवाज बारीक, पण शब्द बरोबर. एवढंच की ती खोक्यावर टिकत नसे. बसायची, आणि आजींशी बोलता बोलता केव्हा घसरून खाली जमिनीवर यायची ते कळत नसे. मला वाटलं, खोक्याची फळी टोचत असेल.

दुसरी जागा शेठाणीने आणली. जळगावातलीच, कापसाची पेढी. त्या शेठना मुंबईच्या दलालांशी इंग्रजीत पत्रव्यवहार करावा लागे. पत्रं टाइप करणारे गृहस्थ मुलाकडे मुंबईला निघून गेले होते आणि मशीन झाकून पडलं होतं. मी दुपारी एकटीच जाऊन शेठना भेटले.

"कामाला माझी ना नाही, अक्का," ते म्हणाले. "पण बाई? बसेल कुठे? पेढीत गादी आहे. गादीवर मुनीमजी बसतात, दलाल येतात, शेतकरी येतात. तिथे बाई कशी बसवू?"

"गादीवर कशाला? टेबल-खुर्चीवर. दाराजवळ, उजेडात. तुमची गादी गादीच्या जागी."

"टेबल-खुर्ची माझ्याकडे नाही."

"मी आणते."

त्यांनी चहा मागवला. "मंगळवारी घेऊन या," ते म्हणाले. "बघू."

हे मी शेठाणीला जाऊन सांगितलं. आमच्या बाजारपेठेत 'बघू' म्हणजे नाही, हे तिला माझ्याइतकंच माहीत होतं.

"चहा दिला?" तिने विचारलं.

"दिला."

"अर्धा की पूर्ण कप?"

"पूर्ण."

"मग अजून 'नाही' झालेलं नाही."

इकडे धुळ्याहून निरोप आला होता. आखाजीला गर्दी होईल म्हणून पुतण्या आधीच, त्याच आठवड्यात शुक्रवारी, काकांना न्यायला येणार होता. मामांकडचा माणूसही त्यानंतर लगेच. धर्मशाळेत म्हाताऱ्याची वळकटी बांधून तयार होती. मंगळवार हुकला असता, तर माझ्या हातात दुसरी जागा नव्हती.

मंगळवारी मी टायपिंगच्या मास्तरांकडून टेबल आणि खुर्ची मागून घेतली, हातगाडीवर घातली आणि उन्हातून गाडीबरोबर चालत पेढीवर गेले. टेबल चांगलं शिसवी होतं. दाराजवळ मांडलं, मशीन वर ठेवलं, खुर्ची लावली. पेढीला एकदम हपीसाची कळा आली. मला समाधान वाटलं.

पेढी म्हणजे एक लांब खोली. बाहेर चपला, आत भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरी गादी, लोड, आणि मुनीमजींचं उतरतं बसकं मेज. मागच्या दाराने घर. शेठ मध्ये बसत. कोपऱ्यात पंख्याखाली त्यांचे वडील दादाजी माळ घेऊन बसलेले असत. फार म्हातारे. ते काही बोलत नसत, पण त्यांच्यासमोर शेठसुद्धा पाय पसरत नसत. त्या दिवशी एक दलालही आलेला होता.

रंगूनवाली आली. चपला काढल्या, वाकून आत आली. मान वर केली. खुर्ची बघितली. इथपर्यंत सगळं शिकवल्याप्रमाणे. आणि मग ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभीच राहिली.

"बस," मी म्हटलं.

"हो," ती म्हणाली. बसली नाही.

"बसा बाई," शेठ म्हणाले.

"जी." तरी उभीच.

मुनीमजी लोडाला टेकले होते. तिथूनच म्हणाले, "खुर्चीला काटे आहेत का?"

दलाल हसला. तिचा चेहरा लाल झाला. तिने उभ्यानेच वाकून मशीनवर बोटं ठेवली, एक ओळ कशीबशी टाइप केली. उभ्याने कोणालाही टाइप करता येत नाही. अक्षरं एकमेकांवर चढली.

"अक्का," शेठ हळू आवाजात म्हणाले, "हिला येतं ना?"

"येतं."

"मग?"

मी तिच्याकडे नीट बघितलं. ती मशीनकडे बघत नव्हती. माझ्याकडे नाही, शेठकडेही नाही. तिची नजर कोपऱ्यात खाली गादीवर होती, दादाजींवर. तेव्हा मला गच्चीवरचा खोका आठवला. खोक्याची फळी टोचत नव्हती. आजी खाली पोत्यावर बसलेल्या असत.

मी खुर्ची उचलून भिंतीशी नेऊन ठेवली. "मशीन खाली घ्या," मी हमालाला सांगितलं.

"कुठे खाली?" मुनीमजी सावध झाले.

"तुमच्या मेजावर."

"माझ्या मेजावर? अहो अक्का..."

हमालाने तोवर मशीन मेजावर ठेवलंसुद्धा. मेजाची फळी उतरती. मशीन जड. ते हळूच निघालं आणि मुनीमजींच्या दिशेने सरकू लागलं.

"धरा! माझ्या मांडीवर येतंय!" मुनीमजी लोड सोडून पहिल्यांदाच ताठ बसले आणि दोन्ही हातांनी मशीन अडवून धरलं.

मी मागच्या दाराने घरात गेले. शेठची सून स्वयंपाकघरात होती. तिच्याकडून जेवायचे दोन पाट मागून आणले, गादीच्या कडेला, उजेडात, एकावर एक ठेवले आणि मशीन त्यांच्यावर बसवलं. हललं नाही. रंगूनवाली खाली बसली. दोन्ही पाय एका बाजूला मागे दुमडून, पावलं कोणाकडेही होणार नाहीत अशी. कागद चढवला आणि शेठकडे बघून म्हणाली, "सांगा."

शेठनी एक पत्र सांगितलं. अर्धं हिंदीत, अर्धं मारवाडीत, मुंबईच्या कुठल्याशा दलालाला, माल ओला म्हणून परत केल्याबद्दल. सांगताना त्यांचा आवाज चढत गेला. मशीन त्यांच्या मागोमाग चालत होतं. शेवटी तिने कागद काढून, तेच इंग्रजी पत्र हिंदीत करून वाचून दाखवलं.

"हे फार गोड झालं," शेठ म्हणाले. "मी रागावलोय, ते कुठे आहे?"

"आहे," तिने बोट ठेवलं. "इथे. यापुढे आपल्याशी व्यवहार करण्याआधी विचार करावा लागेल."

"एवढंच?"

"इंग्रजीत एवढा राग पुष्कळ होतो."

दलालाने तो कागद मागून घेतला, वाचला आणि मान हलवली. "हे पत्र मला आलं असतं तर मी घाबरलो असतो."

शेठनी कागद परत घेऊन लोडाखाली ठेवला. मग म्हणाले, "काम ठीक आहे. असं करू, अक्का. पेढीत बसायची भानगड नको. मशीन धर्मशाळेत पाठवतो. काम निघालं की हमाल कागद घेऊन येईल. कामाप्रमाणे पैसे. बघू कसं जमतं."

ऐकायला हे बरं होतं. पण काम निघालं तर पैसे, आणि आखाजीनंतर धर्मशाळा नाही. असल्या मिळकतीवर घरमालक खोली देत नाहीत आणि पुतण्या परत जात नाही. मी तोंड उघडलं. पण आवाज तिचा आला.

"शेठजी, मला काम चांगलं येतं."

आवाज मोठा नव्हता. नजर अजून खालीच होती. पण ती थांबली नाही.

"सकाळी आलेल्या पत्राचं उत्तर दुपारच्या टपालात पडलं पाहिजे. हमाल धर्मशाळेत येईल, जाईल, तोवर बाजार बदलेल. मी इथे बसेन. या पाटांशी. महिन्याच्या पगारावर."

"शेठाणी तर म्हणत होत्या, थोडंफार येतं," मुनीमजी म्हणाले. मशीन अडवताना त्यांचा हात शाईने भरला होता.

"थोडं नाही, मुनीमजी. चांगलं येतं."

शेठ माझ्याकडे वळले. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं. "अक्का, हे तुम्ही पढवलं?"

"बोलणं आमचं," मी म्हटलं. "खाली बसणं तिच्या घरचं."

तेव्हा कोपऱ्यातून खोकल्याचा आवाज आला. दादाजींनी माळ थांबवली होती.

"मुनीमजी लोडाला टेकून बसतात," ते म्हणाले. "ही टेकली नाही."

मुनीमजी लोडापासून वीतभर पुढे सरकले.

"आखातीजला बसव," दादाजी मुलाला म्हणाले. आखातीज म्हणजेच आमची आखाजी. नव्या कामाला त्याहून चांगला दिवस नाही.

"दादाजी, दिवस आखाजीचा असू द्या," मी म्हटलं, "पण हिच्या वडिलांना न्यायला माणूस शुक्रवारी येतोय. मला शब्द आज पाहिजे. मी खोली बघायला कोणत्या तोंडाने जाऊ?"

पेढीत कोणी असं बोलत नसावं. शेठनी गादीकडे बघितलं.

"दिला," दादाजी म्हणाले आणि पुढचा मणी ओढला.

संध्याकाळी आम्ही दोघी धर्मशाळेत गेलो. तिचे वडील बांधलेल्या वळकटीशेजारी बसले होते. रंगूनमध्ये त्यांचं स्वतःचं दुकान होतं, त्यामुळे त्यांनी आनंद वगैरे करण्याआधी चौकशी केली.

"पगार महिन्याचा की कामाचा?"

"महिन्याचा, बाबूजी."

"शब्द कोणी दिला? बापाने की मुलाने?"

"बापाने."

"पंखा आहे?"

"आहे."

"कोणाच्या डोक्यावर?"

"दादाजींच्या."

"मग पेढी बरी आहे," ते म्हणाले आणि चाचपडत वळकटीची दोरी शोधू लागले. गाठ त्यांची त्यांनीच सोडली. "धुळ्याला निरोप पाठव. म्हणावं, शुक्रवारी जरूर ये, जेव, आणि एकटाच परत जा."

मी जायला उठले तेव्हा ती दारापर्यंत आली.

"तुमच्यापुढे आज चूक झाली," ती म्हणाली. "पण रंगूनला म्हातारं माणूस खाली बसलेलं असताना कोणी वर बसत नाही. त्या खुर्चीवर बसले असते तर माझी बोटंच चालली नसती."

"मग मला आधी सांगायचं!"

"कसं सांगू? तुम्ही ते टेबल एवढ्या उन्हातून आणलं होतंत."

"पुढच्या वेळी सांग," मी म्हटलं. "टेबल परत नेता येतं. आमच्याकडे सांगतात."

ती म्हणाली, सांगेन. मला खात्री नव्हती, पण तेवढं शिकवायला आता वेळ होता.

मास्तरांचं टेबल आणि खुर्ची त्याच हातगाडीवर परत गेली. घरी आमचे हे म्हणाले, तू म्हणे भर पेढीत म्हाताऱ्याला तारीख मागितलीस. बातमी माझ्याआधी पोचली होती. मी म्हटलं, तारीख त्यांनी आपण होऊन दिली, मी फक्त शब्द मागितला, आणि कुकर लावायला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेढीच्या मागच्या आळीत खोली बघायला गेले. मालक ओट्यावर दात घासत होते. पेठेत सगळे त्यांना आबा म्हणत.

"एकटी बाई नको, अक्का," ते म्हणाले.

"एकटी नाही. बाप आहे."

"बाप आंधळा आहे म्हणतात."

"मग तो तुमच्या खिडकीत डोकावणार नाही."

"रंगूनचे लोक मासे खातात."

"मारवाडी आहेत, आबा. कांदा घरात आणायचा तरी दहादा विचार करतात."

त्यांनी चूळ भरली. "नोकरी?"

"कापसाच्या पेढीत. महिन्याच्या पगारावर. शब्द म्हाताऱ्याचा आहे; विचारून या."

ते विचारायला गेले नाहीत. त्यांनी किल्ली आणून दार उघडलं. खोली लहान, पण पूर्वेला खिडकी होती, पेपर वाचायला उजेड चांगला होता. भिंतीला ओल नव्हती. मी मोरीत एक बादली पाणी ओतून बघितलं. पाणी जिथल्या तिथे राहिलं.

"आधी ही मोरी मोकळी करून घ्या," मी आबांना सांगितलं. "मी इथेच उभी आहे. भाड्याचं मग बोलू."